किल्ली कुणाच्या कमरेला?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. कळवा स्टेशनजवळ एका ओळखीच्या बाईंनी वापरायला दिलेल्या खोलीत आमचं सल्ला केंद्र शनिवारी दुपारी चालतं. त्या दिवशी विटाव्याची एक बाई भिजतच आली आणि काही न बोलता तिने फोन माझ्यापुढे ठेवला. फोनमध्ये काही नव्हतं. आठ महिने तिने जपून ठेवलेले फोटो, म्हणजे दंडावरचे वळ, फुटलेला ओठ, नवऱ्याने पाठवलेले धमकीचे संदेश, सगळं पुसलं गेलं होतं.

हे फोटो काढायला आम्हीच तिला सांगितलं होतं. "वेळ आली की पुरावा लागेल, फोनमध्ये ठेव, फोन हरवला तरी फोटो वर जाऊन सुरक्षित राहतात," हे माझेच शब्द. फोन नवऱ्याने हप्त्यावर घेतलेला होता. त्यातलं ई-मेल खातं दुकानातल्या पोराने उघडून दिलेलं आणि पासवर्ड म्हणजे नवऱ्याचाच मोबाइल नंबर. तेच खातं नवऱ्याच्या फोनवरही चालू होतं. तिने काढलेला प्रत्येक फोटो वर जायचा आणि तिथून नवऱ्याच्या फोनमध्ये उतरायचा. त्याने बरेच दिवस पाहिलं नाही, इतकंच. ज्या रात्री पाहिलं त्या रात्री मारहाण झाली, आणि त्याच्या फोनवरून पुसलेलं तिच्याही फोनवरून गेलं. अशा सेवांमध्ये पुसलेल्या गोष्टी काही दिवस कचरापेटीत पडून असतात, त्या परत काढता येतात, हे आम्हाला कळलं तेव्हा ते दिवस उलटून गेले होते.

"ताई, तुम्ही म्हणाला होतात ना, सुरक्षित राहतील?" तिने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिते आहे. तिच्या परवानगीने लिहिते आहे, आणि तिची ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

कपाट की आकाश?

या प्रसंगानंतर आमच्या बैठकीत बराच वाद झाला. आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीचं म्हणणं होतं की कागद बरा, गोदरेजच्या कपाटात ठेवायचा आणि किल्ली पर्समध्ये. मला ते पटत नाही, पण हसण्यावारीही नेता येत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात खाडीकाठच्या आणि नाल्याकाठच्या किती घरांतले कागद गेले ते आपण पाहिलंय. रेशनकार्ड, लग्नपत्रिका, दवाखान्याचे केसपेपर वाळत घातलेले मला आठवतात. जुलै २०२१ मध्ये कळवा पूर्वेला घोलाईनगरात दरड कोसळून एकाच घरातली पाच माणसं गेली. पारसिकच्या उतारावर राहणाऱ्या बाईला "कागद घरात जपून ठेव" असं सांगणं सोपं नाही. आणि पाण्यापावसाचं सोडा, घरातल्या कपाटाची किल्ली मुळात तिच्याकडे असते का? माहेरून आणलेली पेटी तिची, पण तिच्यात काय आहे ते सासूला आधी माहीत, ही आपल्याकडची रीत.

म्हणून इंटरनेटवर, दूरच्या कुणाच्या संगणकावर कागद ठेवायची सोय ही बायकांच्या कामाची गोष्ट आहे, याबद्दल मला शंका नाही. माहेरी, मैत्रिणीकडे, वकिलाकडे, कुठेही बसून तो कागद उघडता येतो. घरातून नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडावं लागलं तरी पुरावा मागे राहत नाही. प्रश्न एवढाच, की त्या खोलीला कुलूप कसलं आहे, किल्ली कुणाकडे आहे आणि भाडं कोण भरतं आहे.

तीन तऱ्हेची कुलुपं

हे समजून घ्यायला मला वेळ लागला, म्हणून जसं समजलं तसं सांगते.

बहुतेक कंपन्या सांगतात की तुमच्या फायली आम्ही कूटबद्ध करून ठेवतो, म्हणजे कुणी चोरल्या तरी वाचता येणार नाहीत अशा सांकेतिक रूपात. ते खरंही असतं. पण त्या संकेताची किल्ली कंपनीकडेच असते. चाळीच्या मालकाने खोलीला चांगलं कुलूप लावून किल्ली आपल्याकडे ठेवावी, तसं. चोर येणार नाही, पण मालक येऊ शकतो, आणि मालकाला सरकारी हुकूम आला तर त्याला दार उघडून द्यावं लागतं. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकारला तसा अधिकार आहे.

दुसऱ्या तऱ्हेत फाइल आपल्या फोनवर किंवा संगणकावरच कुलूपबंद होते आणि मगच वर जाते. किल्ली फक्त आपल्याकडे. कंपनीला आत काय आहे ते दिसत नाही, मागितलं तरी देता येत नाही. स्वित्झर्लंडची प्रोटॉन, न्यूझीलंडची मेगा या अशा सेवा. पण जाहिरातीतला शब्द तपासून घ्यावा लागतो. २०२२ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी मेगाच्या कुलपात गंभीर उणिवा दाखवल्या आणि २०२४ मध्ये तिथल्याच संशोधकांनी अशा आणखी काही सेवांत दाखवल्या. शिवाय दिलेलं कुलूप काढूनही घेतलं जातं. ॲपलने २०२२ च्या अखेरीला असं पक्कं कुलूप ग्राहकांना द्यायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारच्या दबावानंतर तिथल्या ग्राहकांसाठी ते मागे घेतलं.

तिसरी तऱ्हा म्हणजे कुलूप आपलं आणि खोली भाड्याची. तिच्याकडे मी शेवटी येते.

"लपवण्यासारखं काय आहे?"

हा प्रश्न आपल्याच गटांत विचारला जातो. चांगल्या बाईला लपवण्यासारखं काही नसतं, असा त्याचा सूर असतो. मैत्रिणींनो, गुप्तता हे श्रीमंतांचं खूळ नाही. आपल्या चळवळीने ती झगडून मिळवली आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. तिचं नाव सगळ्या देशाला माहीत झालं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आरोपी सुटले. १९७९ च्या खुल्या पत्रानंतर जे आंदोलन उभं राहिलं त्यातून १९८३ चा कायदा आला, आणि बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं हा गुन्हा ठरला. आज ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. कुटुंब न्यायालयात आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाविरोधी कायद्याखाली बंद दाराआड सुनावणी मागता येते, तीही याच विचाराने.

१९९४ मध्ये जळगावचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा फोटो हे काय हत्यार आहे ते महाराष्ट्राने पाहिलं. मुलींचे फोटो काढून त्यांच्याच बळावर त्यांना गप्प ठेवण्यात आलं, आणि बदनामीच्या भीतीने कितीतरी जणी पुढे आल्याच नाहीत. तेव्हा फोटोच्या प्रती हाताने काढाव्या लागत. आज एक बोट लावलं की शंभर प्रती होतात.

सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईत एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतरच्या तपासात काही अभिनेत्रींचे जुने खासगी संदेश रात्रंदिवस वाहिन्यांवर वाचले गेले. व्हॉट्सॲपचे संदेश जाता-येताना कुलूपबंद असतात हे खरं, पण त्यांची जी प्रत वर साठवली जाते तिला तेव्हा तसं कुलूप नव्हतं. ते ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं, आणि आजही आपण स्वतः सेटिंगमध्ये जाऊन लावल्याशिवाय ते लागत नाही. आपल्यापैकी किती जणींनी लावलंय? मी त्या शनिवारनंतर लावलं.

कंपनी फायली पाहू शकते याचा दुसराही धोका आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०२१ साली एका बापाने आपल्या लहान मुलाच्या आजाराचा फोटो डॉक्टरांसाठी काढला. तो आपोआप वर गेला, गूगलच्या यंत्राने तो बाललैंगिक अत्याचाराचा फोटो ठरवला आणि खातं बंद झालं. पोलिसांनी चौकशी करून त्याला निर्दोष म्हटलं, तरी खातं परत मिळालं नाही. ही बातमी ऑगस्ट २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली. मुलांवरचे अत्याचार पकडले जावेत हे तर आपल्यालाही हवं आहे. पण पॉक्सोच्या केसमध्ये आईने मुलीच्या जखमांचा फोटो काढला तर यंत्राला ती आई कोण दिसेल? आपल्या कामात हा फोटो रोजचा आहे.

भाडं किती, आणि पावती कुणाला?

आता पैशाचं बोलू. फुकट मिळतं ते थोडं असतं, आणि फुकटचे दिवस कंपनी ठरवते. गूगलवर फोटो अमर्याद ठेवता येत होते, ते १ जून २०२१ पासून बंद झालं. तेव्हापासून मेल, फायली आणि फोटो सगळं मिळून १५ जीबी. ती मर्यादा ओलांडून दोन वर्षं गेली, तर साठवलेलं पुसलं जाऊ शकतं. दोन वर्षांत आपली पोटगीची केस किती तारखा पुढे जाते ते सांगायला नको.

पक्क्या कुलपाच्या परदेशी सेवांचे दर बहुतेक डॉलर किंवा युरोत असतात, वर १८ टक्के जीएसटी. दरमहा चारशे-पाचशे रुपये ही डोंबिवलीतल्या नोकरदार बाईलाही विचार करायला लावणारी रक्कम आहे. खारेगावात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला तर ती ऐकवायचीसुद्धा लाज वाटते. म्हणजे ज्याची ऐपत त्याला पक्कं कुलूप, बाकीच्यांनी मालकाच्या भरवशावर राहावं. सुरक्षितता ही विकत घ्यायची वस्तू झाली की काय होतं ते आपण पाणी, दवाखाना, शाळा या सगळ्यांत पाहत आलो आहोत.

पण मला सर्वांत बोचलं ते वेगळंच. समजा पैसे आहेत, तरी ते भरायचे कसे? बँक खातं नवऱ्याबरोबर जोडलेलं. मोबाइल नंबर त्याच्या नावावर. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशाची सूचना बँकेने २४ तास आधी द्यायची असते. ग्राहकाच्या भल्याचाच नियम आहे. पण ती सूचना ज्या फोनवर येते तो कुणाच्या हातात असतो? बाईने गुपचूप भाड्याने घेतलेल्या खोलीची पावती मालकाने दर महिन्याला नवऱ्याच्या हातात द्यावी, तसं हे झालं. ही सगळी व्यवस्था असं गृहीत धरते की प्रत्येक माणसाला स्वतःचा फोन, स्वतःचा नंबर, स्वतःचं खातं आहे आणि चोर बाहेरचा आहे. आपल्याकडे येणाऱ्या बाईचा चोर घरातच असतो.

सरकारचं डिजिलॉकर २०१५ पासून आहे आणि फुकट आहे. दाखले, मार्कशीट यांसाठी ते वापरावं, मी स्वतः वापरते. पण त्याची वाट आधारला जोडलेल्या मोबाइल नंबरवरून जाते, आणि पुन्हा तोच प्रश्न येतो की तो नंबर कुणाचा. मारहाणीचे फोटो ठेवायची ती जागा नव्हे.

आणि पक्क्या कुलपाची आणखी एक किंमत आहे, जी कुठल्याच दरपत्रकात लिहिलेली नसते. किल्ली फक्त तुमच्याकडे, याचा अर्थ ती हरवली तर कुणीही दार उघडून देऊ शकत नाही. महिनोन् महिने झोप नाही, डोक्यावर मार लागलाय, आज माहेरी तर उद्या आधारगृहात, अशा बाईला आपण म्हणतो की बारा अक्षरांचा पासवर्ड पाठ कर, कुठेही लिहू नकोस. ती विसरली तर तिचा पुरावा आपणच गाडला असं होईल.

मग करायचं काय?

बाईने एकटीने, आपल्या फोनवर, आपल्या पैशाने पुरावा सुरक्षित ठेवावा ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. बचत गटात आपण एकटीचा गल्ला सोडून एकत्र पेटी केली. इथेही तेच करावं लागेल. कुलूप आणि भाडं या दोन्ही गोष्टी संघटनेने अंगावर घ्यायच्या, किल्ली मात्र बाईच्या संमतीशिवाय फिरवायची नाही. गेल्या काही महिन्यांत आम्ही जे करतो आहोत ते असं.

एक, कमी ठेवायचं. प्रत्येक गोष्ट स्कॅन करायचा मोह आवरायचा. जे आपल्याकडे नाहीच, ते कुणी चोरू शकत नाही की मागू शकत नाही. केस संपली की बाईला विचारायचं, तिचं तिला द्यायचं आणि आपलं पुसायचं.

दोन, कुलूप आपलं, खोली भाड्याची. क्रिप्टोमेटर किंवा व्हेराक्रिप्टसारखी साधनं संगणकावर फुकट मिळतात. त्यांनी फायली आधी आपल्या संगणकावर कुलूपबंद करायच्या आणि मग कुठल्याही साध्या सेवेत ठेवायच्या. मालकाला फक्त बंद पेटी दिसते. आम्ही हिशेब केला. एक स्कॅन केलेलं पान साधारण ३०० केबीचं, एका केसमध्ये सरासरी ४० पानं. म्हणजे ५ जीबीत चारशेहून जास्त केसेस बसतात. तेव्हा कागदांसाठी पैसे मोजायची गरजच नाही. जागा खातात ते व्हिडिओ आणि आवाजाची रेकॉर्डिंग. त्यांच्यासाठी लागलेच, तर चार-पाच संघटनांनी मिळून एक खातं घ्यावं.

तीन, किल्ली दोघींकडे. पासवर्ड कागदावर लिहून बंद लिफाफ्यात, सही करून, दोन कार्यकर्तींकडे वेगवेगळ्या ठिकाणी. लिफाफा उघडला तर वहीत नोंद. यावर आमच्याकडे सर्वांत जास्त वाद झाला, कारण त्यात आपल्यावरचा विश्वास तपासला जातो. तपासला गेलाच पाहिजे. बायकांची गुपितं हातात असणं ही सत्ता आहे, आणि संघटनेतली सत्ताही बिघडते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संगणकावर बायकांची माहिती ठेवणाऱ्या आपल्यासारख्या संस्थांनाही ते लक्षात घ्यावे लागतील. पण कायदा नसता तरी हे आपलं कर्तव्यच होतं.

चार, मूळ फोन टाकू नका. वरची प्रत ही जपणुकीसाठी असते, न्यायालयाला तिच्या खरेपणाची खात्री लागते. जालन्याच्या एका निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात २०२० साली ठरलं की मूळ यंत्र हजर केलं नाही तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ मध्ये त्याचा नमुनाही दिला आहे. वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

पाच, आणि हे सर्वांत आधी करायचं, म्हणून शेवटी सांगते. "फोटो काढून ठेव" असं सांगण्यापूर्वी तिला विचारा: फोन कुणाचा? नंबर कुणाच्या नावावर? खातं कुणी उघडलं, ते आणखी कुठे चालू आहे? हे चार प्रश्न आम्ही आता आमच्या पहिल्या भेटीच्या फॉर्मवर छापले आहेत.

याने सगळं होणार नाही. पक्कं कुलूप ही पैसेवाल्यांची चैन असू नये, थोडी तरी जागा प्रत्येकीला पक्क्या कुलपासह फुकट मिळावी, आणि स्वतःचा नंबर नसलेल्या बाईलाही तिथे जाता यावं, ही मागणी आपण सरकारकडे आणि कंपन्यांकडे एकत्रितपणे केली पाहिजे. आपल्या मागणीपत्रांत रेशन असतं, पाणी असतं, सुरक्षित लोकल असते. त्यात ही एक ओळ वाढली तर जड होणार नाही.

विटाव्याच्या त्या बाईचे फोटो परत मिळाले नाहीत. दवाखान्यातला केसपेपर आणि शेजारणीची साक्ष यांवर तिची केस चालू आहे. मध्यंतरी तिने भावाच्या मदतीने स्वतःच्या नावाने सिमकार्ड घेतलं. परवा केंद्रात आली तेव्हा लिफाफ्यावर सही करताना म्हणाली, "ताई, एक लिफाफा माझ्याकडे नको, माझ्या आईकडे द्या. तिला वाचता येत नाही, पण ती सांभाळेल." आमच्या पद्धतीत आईचा विचार आम्ही केलाच नव्हता. आता केला आहे.

तुमच्या गावी, तुमच्या गटात हे कागद कसे जपले जातात? काय चुकलं, काय जमलं? नावं न घालता लिहून पाठवा. पुढच्या बैठकीत आम्ही ती पत्रं वाचू.